जुन्या मोटारींतील रिले व त्याची ओळख

जुन्या मोटारीचें आयुष्य तिच्या इंजिनावर अवलंबून असतें, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. पण इंजिन झिजलें तर तें कांतून व नवे पिस्टन घालून चालतें करतां येतें. पत्रा गंजला तर तो ठोकून देणारा कारागीर अजून कोणत्याहि मोठ्या शहरांत सांपडतो. गाडी खरोखर अडते ती पुष्कळदां आगपेटीएवढ्या एका डबीपाशीं. ही डबी म्हणजे रिले. तिच्या पोटांत तांब्याच्या तारेचें एक वेटोळें, लोखंडाची एक पट्टी, एक बारीक स्प्रिंग आणि चांदीच्या मिश्रधातूचे दोन-चार ठिपके, एवढाच ऐवज असतो. ती बिघडली म्हणजे दिवे लागत नाहींत, भोंगा वाजत नाहीं, पेट्रोलचा पंप फिरत नाहीं, आणि ती बदलावी म्हटलें तर दुकानदार विचारतो, "कोणता रिले?" या साध्या प्रश्नाचें उत्तर देतां न आल्यामुळें चांगली गाडी महिनोन् महिने उभी राहते. हें उत्तर कोठें लिहिलेलें असतें, तें कोणी लिहिलें, आणि कांहीं गाड्यांच्या बाबतींत तें लिहिलेंच कां गेलें नाहीं, याचा इतिहास सांगण्यासारखा आहे.

'रिले' हा शब्द मूळचा विजेच्या शास्त्रांतला नव्हे. शिकारीच्या वाटेवर ठिकठिकाणीं ताज्या दमाचे कुत्रे राखून ठेवण्याच्या फ्रेंच प्रघातापासून तो निघाला आणि पुढें डाकेच्या घोड्यांस लागूं झाला. ही कल्पना आपल्या वाचकांस फोड करून सांगावयास नको. डाकेच्या टप्प्यावर दमलेला घोडा सोडीत, ताजा घोडा घेत, आणि थैली मात्र तीच पुढें जाई. निरोप जुना आणि बळ नवें, एवढेंच रिलेचें सूत्र आहे. विजेच्या रिलेंत घोड्याच्या जागीं बॅटरी आली, इतकाच फरक.

१८२० मध्यें कोपनहेगन येथील ओर्स्टेड यानें तारेंतून प्रवाह सोडला असतां शेजारची चुंबकसूची हलते हें दाखविलें. पांच वर्षांनीं विल्यम स्टर्जन या इंग्रजानें लोखंडाच्या नालावर तार गुंडाळून केलेला विद्युच्चुंबक लोकांपुढें मांडला. स्टर्जनची तार उघडी होती. तिचे वेढे एकमेकांस लागूं नयेत म्हणून ते विरळ घालावे लागत. अमेरिकेंत आल्बनी येथें अध्यापन करणाऱ्या जोसेफ हेन्रीनें तारेलाच रेशमाचें वेष्टण दिलें आणि वेढ्यावर वेढे घट्ट बसविले. १८३१ मध्यें त्यानें मैलाहून अधिक लांबीच्या तारेच्या टोकाशीं घंटा वाजवून दाखविली. पुढल्या वर्षीं तो प्रिन्स्टन येथील महाविद्यालयांत प्राध्यापक झाला, आणि १८३५ च्या सुमारास तेथें एक प्रयोग दाखवूं लागला. एका प्रचंड विद्युच्चुंबकानें मोठें वजन उचलून धरलेलें असे. लांब तारेनें आलेला क्षीण प्रवाह एका लहान चुंबकास हलवी. तो लहान चुंबक मोठ्या चुंबकाचें मंडळ तोडी. आणि वजन धाडकन् खालीं येई. दुरून आलेल्या प्रवाहाच्या अंगीं तें वजन पेलण्याचें किंवा सोडण्याचें बळ मुळींच नव्हतें. त्यानें फक्त निरोप आणला. काम जागच्या बॅटरीनें केलें. पहिला रिले तो हाच, असें सामान्यतः मानतात.

हेन्रीनें या शोधाचें पेटंट घेतलें नाहीं. ज्ञानावर अशी मालकी सांगणें शास्त्राच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं, अशी त्याची धारणा होती. इंग्लंडांत एडवर्ड डेव्ही यानें १८३८ मध्यें अशाच युक्तीचें पेटंट मिळविलें, परंतु पुढल्याच वर्षीं तो ऑस्ट्रेलियास निघून गेला व त्याचें नांव मागें पडलें. तिकडे अमेरिकेंत सॅम्युअल मोर्स हा चित्रकार तारायंत्राच्या नादीं लागला होता. थोड्या अंतरापलीकडे त्याचें यंत्र चालेना; तेव्हां लेनर्ड गेल या प्राध्यापकानें हेन्रीच्या लेखनाकडे त्याचें लक्ष वेधलें. १८४० मध्यें मोर्सला पेटंट मिळालें, २४ मे १८४४ रोजीं वॉशिंग्टनहून बाल्टिमोरला त्याचा प्रसिद्ध संदेश गेला, आणि मग कज्जे सुरू झाले. हेन्रीलाहि साक्षीस जावें लागलें. अखेर १८५४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें मोर्सचे बहुतेक हक्क मान्य केले. परंतु विद्युच्चुंबकाच्या योगानें दूर अंतरावर अक्षरें उमटविण्याची कोणतीहि रीत ही आपलीच मालमत्ता, हें त्याचें मागणें मात्र फेटाळून लावलें. हा निवाडा येथें सांगण्याचें कारण असें कीं मोटारींतल्या रिलेच्या हकीकतींत तोच तंटा वेगळ्या वेषानें पुन्हां भेटतो. वस्तु कोणीहि बनवावी हें ठरलें. पण त्या वस्तूची ओळख कोणाच्या ताब्यांत असावी?

तारायंत्रांतून रिले टेलिफोनच्या केंद्रांत गेला, आगगाडीच्या सिग्नलांत गेला, गणकयंत्रांतहि गेला. १९४१ मध्यें बर्लिन येथें कॉनराड त्सूझे यानें पुऱ्या केलेल्या गणकयंत्रांत दोन हजारांहून अधिक रिले होते. आणि ९ सप्टेंबर १९४७ रोजीं हार्वर्ड येथील एका गणकयंत्राच्या ७० क्रमांकाच्या रिलेंत चक्क एक पतंग अडकलेला सांपडला, तो तेथल्या मंडळींनीं नोंदवहींत चिकटवून ठेवला. टेलिफोननें आणि गणकयंत्रानें पुढें रिलेला निरोप दिला. मोटारीनें मात्र त्याला ठेवून घेतलें.

मोटारींत त्याचा प्रवेश बॅटरीच्या निमित्तानें झाला. इंजिनानें फिरणारा डायनामो बॅटरी भरतो. पण इंजिन मंदावलें कीं डायनामोचा दाब बॅटरीच्या दाबाहून खालीं येतो आणि वीज उलट डायनामोंतून वाहूं लागते. म्हणून दाब पुरेसा चढला म्हणजेच दार उघडणारा व तो उतरतांच दार लावणारा एक पहारेकरी लागतो. या पहारेकऱ्यास 'कट-आउट' म्हणत, आणि तो सरळ सरळ रिलेच आहे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडींत चार्ल्स केटरिंगच्या विजेच्या स्टार्टरनें हँडल मारण्याचें काम संपविलें. १९१३ मध्यें श्टुटगार्टच्या बॉश कंपनीनें डायनामो, बॅटरी, दिवे व नियामक यांचा एकत्र संच बाजारांत आणला. तेथून पुढें मोटार हें चाकांवरचें एक लहानसें वीजघरच झालें, आणि दर दशकांत त्यांतलीं उपकरणें वाढत गेलीं.

उपकरण वाढलें म्हणजे रिले कां लागतो, हें दिव्यांच्या गणितावरून चटकन् कळेल. साठ वॅटचे दोन दिवे आणि बारा व्होल्टची बॅटरी, म्हणजे १० अँपिअरचा प्रवाह. हा प्रवाह बॅटरीपासून चालकापुढील बटणापर्यंत येतो आणि पुन्हां गाडीच्या नाकापर्यंत जातो. या हेलपाट्यांत जुन्या तारा, मळलेले जोड व झिजलेलें बटण मिळून एक दशांश ओहमचा अडथळा झाला, तरी एक व्होल्ट वाटेंतच खर्च होतो. बारांतला एक व्होल्ट म्हणजे फार नव्हे, असें वाटेल. परंतु तापलेल्या तारेच्या दिव्याचा उजेड दाबापेक्षां फार वेगानें घटतो, आणि एवढ्यानें त्याचा सुमारें चतुर्थांश उजेड नाहींसा होतो. रात्रीं घाट उतरणाऱ्यास हा चतुर्थांश केवढा, तें सांगावयास नको. दिव्यांजवळ रिले बसविला म्हणजे बटणांतून केवळ वेटोळ्यापुरता प्रवाह जातो. बारा व्होल्टच्या सामान्य रिलेचें वेटोळें ८० ते १०० ओहमचें असतें. त्याला अँपिअरचा सातवा-आठवा हिस्सा पुरतो, आणि तेवढ्या मोबदल्यांत तो ३० किंवा ४० अँपिअरचें दार उघडतो. प्रिन्स्टनच्या वर्गांतला तोच खेळ!

आतां भाषेकडे वळूं. इंग्लंडांत मोटारींच्या विजेच्या सामानावर बर्मिंगहॅमच्या ल्यूकस कंपनीचें जवळ जवळ एकछत्री राज्य होतें. तिची रीत इंग्रजी आद्याक्षरांची. मॉरिस मायनरसारख्या गाड्यांत असणाऱ्या 'आर. बी. १०६' या नियामकपेटीच्या टोकांवर ए, ए १, एफ, डी व ई अशीं अक्षरें असत. त्यांत डी म्हणजे डायनामो, एफ म्हणजे त्याचें क्षेत्र-वेटोळें, ई म्हणजे 'अर्थ'. पुढें भोंगा वगैरेसाठीं आलेल्या '६ आर. ए.' या रिलेवर वेटोळ्याच्या दोन टोकांस डब्ल्यू १ व डब्ल्यू २, आणि संपर्काच्या टोकांस सी १, सी २ अशीं नांवें होतीं. इंग्रजी जाणणाऱ्या मिस्त्र्यास हें सोपें. मॉरिस ऑक्सफर्डपासून आपली अँबॅसडर निघाली आणि १९६१ मध्यें मद्रासेस ल्यूकस-टीव्हीएस ही कंपनी निघाली, त्यामुळें ल्यूकसची ही अक्षरओळख आपल्याकडच्या कारखान्यांतहि रुळली. ल्यूकसच्या सामानाची थट्टा करण्याची इंग्रजी गाड्यांच्या मालकांत मोठी चाल आहे. कंपनीच्या संस्थापकास ते 'अंधाराचा राजपुत्र' म्हणतात. ही थट्टा मला अर्धीमुर्धीच न्याय्य वाटते. ज्या दोषांचें खापर रिलेवर फुटतें त्यांपैकीं पुष्कळ दोष गंजलेल्या 'अर्थ'च्या जोडांत असतात, आणि तीस-चाळीस वर्षें न घासलेल्या जोडाचा जाब कारखान्यास विचारणें बरें नव्हे.

जर्मनीनें वेगळी वाट धरली. तेथें १९१७ मध्यें उद्योगांसाठीं एक मानक-मंडळ स्थापन झालें. त्याचें पहिलें मानक १९१८ सालीं निघालें तें एका निमुळत्या खिळीविषयींचें. मोटारींतील विजेच्या टोकांस कोणते आंकडे द्यावे हें सांगणारें 'डिन ७२५५२' हें मानक याच घराण्यांतलें. त्यांत ३० म्हणजे बॅटरीच्या धन टोकाहून थेट आलेली जोडणी, १५ म्हणजे किल्ली फिरविल्यावर मिळणारी, ३१ म्हणजे सांगाड्याची, ५० म्हणजे स्टार्टरला आज्ञा देणारी. रिलेच्या वेटोळ्याचीं टोकें ८५ व ८६. प्रवाह ३० वर येतो व वेटोळें जागें झालें म्हणजे ८७ वर निघतो. वेटोळें निजलेलें असतांना ३० शीं जोडलेलें जें टोक तें ८७ए. वळण दाखविणाऱ्या दिव्यांस ४९, पुसणीस ५३, पुढच्या दिव्यांस ५६. हे आंकडे तारांचे नव्हेत, टोकांचे आहेत. एकाच तारेच्या एका टोकाशीं ८७ व दुसऱ्या टोकाशीं भलताच आंकडा असूं शकतो. नवशिके येथेंच प्रथम घोंटाळतात.

या आंकड्यांत तर्क कितपत आहे, असें कोणी विचारील. फारसा नाहीं, आणि तेंच बरें झालें. डब्ल्यू म्हणजे 'वाइंडिंग' हें उमजावयास इंग्रजी यावें लागतें. ८६ उमजावयास कोणतीच भाषा यावी लागत नाहीं, तो आंकडा जर्मनासहि तितकाच परका आणि तितकाच आपला. बॉशच्या डबीवर तो आहे, तिची प्रतिस्पर्धी लिप्श्टाटची हेला हिच्या डबीवरहि तोच आहे, स्वीडनच्या गाडींत तो सांपडतो आणि आपल्या बाजारांतल्या अगदीं स्वस्त रिलेच्या बुडाशींहि तो ठसविलेला असतो. एकमेकांचीं गिऱ्हाइकें पळविणाऱ्या कारखान्यांनीं एवढी एक गोष्ट सामाइक ठेवली, म्हणून आज पन्नास वर्षांपूर्वींच्या जर्मन गाडीचा साधा रिले बंद पडला तर मूळ कारखान्याचें तोंड न पाहतां दुसऱ्या कोणाच्याहि कारखान्याचा रिले तेथें बसवितां येतो. हेन्रीच्या औदार्याचा वारसा मला मोर्सच्या तारायंत्रापेक्षां या आंकड्यांत अधिक दिसतो.

तथापि जर्मन कारखान्यांनीं सर्वच उघड्यावर मांडलें असें मात्र नाहीं. फोक्सवागनच्या रिलेच्या डोक्यावर एक ठळक लहानसा आंकडा छापलेला असतो: १८, ५३, ६७, ९९, १०९, १६७. हा ना सुट्या भागाचा क्रमांक, ना टोकाचा. कारखान्याच्या अंतर्गत सोयीचा तो नियंत्रण-क्रमांक होय. पण मालकांनीं व मिस्त्र्यांनीं तोच नांवासारखा उचलला, आणि आतां जगभर '१०९ चा रिले' म्हटलें कीं डिझेलवाले समजतात, '६७' म्हटलें कीं पेट्रोलच्या पंपाचा हें कळतें. गांवानें ठेवलेलें टोपणनांव सरकारी कागदांतल्या नांवाहून उपयोगी पडावें, तसाच हा प्रकार. मात्र हें टोपणनांव त्या घराण्यापुरतेंच खरें. दुसऱ्या कारखान्याच्या डबीवर तोच ५३ दिसला तर त्याचा अर्थ कदाचित् पुसणीचें टोक एवढाच असेल.

मी इतिहासाचा अध्यापक आहें, यंत्रशास्त्राचा नव्हे. परंतु जुन्या कागदाची पारख करण्याची जी रीत आम्हांस शिकवितात तीच येथें लागूं पडते. मोर्तब पाहावें, पण केवळ मोर्तबावर विसंबूं नये. आंतला मजकूर वाचावा. रिलेच्या अंगावर बहुधा एक लहान आकृति छापलेली असते. चौकोन म्हणजे वेटोळें, तिरपी रेघ म्हणजे संपर्क. ती आकृति हा खरा मजकूर. वेटोळ्याशेजारीं एखादी अधिक खूण असली, तर आंत डायोड किंवा रोधक बसविला आहे असें समजावें. वेटोळें सोडतांना उसळणारी वीज शमविण्यासाठीं तो घालतात. रोधक असला तर दिशेचें भय नाहीं. डायोड असला तर मात्र ८५ व ८६ यांची अदलाबदल चालत नाहीं, आणि १९६० नंतरच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या बहुतेक इंग्रजी गाड्यांत, जेथें बॅटरीचें धन टोक सांगाड्यास जोडलेलें असे, तेथें असा रिले आंकडे पाहून डोळे मिटून बसविला तर किल्ली फिरवितांच डायोड जळतो किंवा फ्यूज उडतो.

दाबाची चौकशी तर सर्वांत आधीं करावी. १९६६ पर्यंतच्या बहुतेक फोक्सवागन 'बीटल' गाड्या ६ व्होल्टच्या; मोठ्या मालमोटारी व बसगाड्या पुष्कळदां २४ व्होल्टच्या. तिन्ही रिले बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसतात. बारा व्होल्टचा रिले सहा व्होल्टवर पट्टी ओढीतच नाहीं, आणि सहाचा बारावर लावला तर वेटोळ्यांत चौपट उष्णता होऊन तें करपतें. त्याहून फसवा प्रकार पायांच्या मांडणीचा आहे. पांच पायांच्या प्रचलित चौकोनी रिलेंत मधला पाय बहुधा ८७ए असतो. पण कांहीं रिलेंत तेथें दुसरा ८७ असतो, म्हणजे निजलेल्या स्थितींत तो मोकळा व जागेपणीं दोन्ही वाटा चालू. आणखी एक मांडणी अशी कीं तींत ३० व ८६ यांच्या जागांची अदलाबदल झालेली असते. डबी तीच, पाय तितकेच, बैठकींत ती नीट बसतेहि. मात्र वीज भलत्या दारीं जाते. म्हणून पायांची संख्या मोजून रिले विकत घेणें म्हणजे बिऱ्हाडाचीं माणसें मोजून आडनांव ओळखण्यासारखें आहे.

रिले 'टक्' वाजला म्हणजे चांगला, ही समजूतहि सोडून द्यावी. तो आवाज पट्टीचा आहे. पट्टी हलली तरी संपर्काचे ठिपके जळून काळे पडलेले असले तर पलीकडे वीज पोंचत नाहीं. खरी परीक्षा दिवा किंवा पंप चालू ठेवून ३० व ८७ यांच्यामध्यें दाब मोजण्यांत आहे. तेथें व्होल्टचा अगदीं अल्प अंश दिसावा. अर्धा व्होल्ट दिसला तरी ठिपके संपत आले म्हणून समजावें.

येथवर साध्या रिलेची गोष्ट झाली. पण जुन्या गाडींतल्या सर्व डब्या साध्या नसतात, आणि खरा धोका तेथेंच आहे. इंजिनास पेट्रोल फवाऱ्यानें पुरविण्याची पद्धति रूढ झाल्यावर पंप विजेचा झाला. अपघातांत इंजिन थांबलें पण विजेचा पंप चालूच राहिला, तर फुटलेल्या नळींतून पेट्रोल तापलेल्या इंजिनावर उडत राहील. तें टाळण्यासाठीं फोक्सवागन व तिच्या भावंड गाड्यांतील पंपाच्या रिलेंत एक लहान विद्युत्-मंडळ घातलें. तें ठिणगीच्या कॉइलच्या १ या टोकावरून येणारे ठोके ऐकतें. ठोके चालू आहेत तोंवर इंजिन जिवंत. ते थांबले कीं क्षणभरांत पंप बंद. या डबीच्या जागीं साधा रिले टिकत नाहीं, म्हणून अडलेला मिस्त्री कित्येकदां ३० व ८७ हीं टोकें तारेच्या तुकड्यानें जोडून देतो. गाडी चालूं लागते, मालक खूष होतो, आणि तो तुकडा पुढें वर्षानुवर्षें तसाच राहतो. रस्त्यांत अडकल्यास घर गांठण्यापुरता हा उपाय ठीक; पण त्यानंतर ती गाडी रोज चालविणें मला निखालस अविचाराचें वाटतें. त्या डबीच्या अंगावरची आकृति पाहिली असती तर साध्या चौकोनाऐवजीं आणखी कांहींतरी आंत आहे, हें कोणासहि दिसलें असतें.

अशा डब्या मिळवावयाच्या कोठून? प्रथम भावंड गाड्यांकडे पाहावें. एकाच घराण्याच्या दोन-तीन गाड्यांत तोच रिले असतो, आणि मिरविण्याच्या गाडीच्या नांवानें घेतला तर महाग, साध्या गाडीच्या नांवानें घेतला तर स्वस्त पडतो. कारखान्याच्या नांवाचा भरंवसा आतां पूर्वीसारखा उरला नाहीं. ल्यूकस कंपनी १९९६ मध्यें अमेरिकेच्या व्हॅरिटींत मिसळली व १९९९ मध्यें टी.आर.डब्ल्यू. कंपनीनें तो संच विकत घेतला. ल्यूकस हें नांव आजहि डब्यांवर वाचावयास मिळतें, परंतु नांव व बर्मिंगहॅमचा जुना कारखाना यांचें तें नातें आतां राहिलें नाहीं. वर्षानुवर्षें कपाटांत पडून राहिलेला, न वापरलेला जुना माल मिळाला तर आनंदच. पण चांदीवर हवेंतील गंधकामुळें काळा थर चढतो, तेव्हां बसविण्यापूर्वीं दाब मोजून घ्यावा. आणि चाळीस अँपिअर असें ठळक छापलेल्या फार हलक्या डबीविषयीं संशय धरावा. आंतले ठिपके केवढे आहेत हें छापलेल्या आंकड्यावरून कळत नाहीं, हातांतल्या वजनावरून थोडेंफार कळतें.

भंगाराचा मार्ग आपल्याकडे सर्वांस ठाऊक आहे, आणि मुंबईचा चोरबाजार त्यासाठीं प्रसिद्धच आहे. पण भंगारालाहि भरती-ओहोटी असते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची पद्मिनी मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ च्या ऑक्टोबरांत वयोमर्यादेमुळें कायमची गेली. एखाद्या जातीच्या गाड्या अशा एकदम मोडींत निघतात तेव्हां तिच्या सुट्या भागांचा कांहीं काळ सुकाळ होतो. पत्रा, दारें, दिवे राखले जातात, आणि डब्या मात्र तारांसकट तांब्याच्या भावानें विकल्या जातात. ज्याच्याजवळ अशी गाडी आहे त्यानें सुकाळांतच दोन-चार डब्या घेऊन, कोणत्या जागेवरून काढल्या तें प्रत्येकीवर लिहून ठेवावें. तें लिहिणें डबीइतकेंच मोलाचें आहे.

नवी डबी न मिळाल्यास जुनी दुरुस्त होते कीं नाहीं, हें उघडून पाहिल्यावांचून सांगतां येत नाहीं. पण आश्चर्य वाटण्याइतक्या वेळां ती होते. १९८० नंतरच्या व १९९० नंतरच्या दशकांतील होंडा गाड्यांचा मुख्य रिले यासाठीं विख्यात आहे. उन्हांत उभी केलेली गाडी सुरू होत नसे, सांवलींत निवली कीं निमूटपणें चालूं लागे. मालक पंप बदलीत, कॉइल बदलीत. दोष मात्र डबींतल्या पट्टीवरील डाखाच्या एका सूक्ष्म चिरेंत असे. पोर्शच्या त्या काळच्या गाड्यांत इंजिनाच्या गणकास व पंपास वीज देणारे दोन रिले एकाच डबींत आहेत; तींतहि डाख असाच चिरतो, म्हणून जाणते मालक एक जादा डबी गाडींत घेऊनच फिरतात. तापणें व निवणें यांच्या हजारों फेऱ्यांनीं ही चीर पडते. भिंगाखालीं ती डाखाच्या थेंबाभोंवतीं कंकणासारखी दिसते. रेडिओ दुरुस्त करणारा कारागीर तापल्या कैच्यानें ती दहा मिनिटांत भरून काढतो, आणि डबी पुन्हां कित्येक वर्षें चालते.

अलीकडच्या गाड्यांत रिले अधिक लहान झाला आणि त्याच्या पायांस १ ते ५ असे नवे आंकडे आले: १ व २ वेटोळ्याचे, ३ म्हणजे पूर्वींचा ३०, ५ म्हणजे ८७, ४ म्हणजे ८७ए. तेथवर जुनी भाषा नव्या लिपींत लिहिली, एवढाच फेर. पण कित्येक गाड्यांत रिले आतां बैठकींत बसत नाहीं. तो एका मोठ्या फळीवर इतर शेंकडों भागांबरोबर डाखून टाकलेला असतो, किंवा त्याच्या जागीं पट्टी व वेटोळें नसलेला, हालचालच न करणारा अर्धवाहकाचा तुकडा असतो. त्यावर ना आकृति, ना ८७. ती फळी बदलावी तर पुष्कळदां ती त्या एका गाडीच्या क्रमांकाशीं जुळवून घ्यावी लागते, आणि जुळविण्याचें साधन ज्यानें गाडी बनविली त्याच्याच हातीं असतें.